टेलपर्यंत किती पोचलं?

जून लागला की शिरूर आणि दौंडच्या सेतू केंद्रांपुढे दाखल्यांची गर्दी सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमीलेअर. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन आईबाप बाकावर बसलेले असतात आणि केंद्रचालकाची नजर पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चकतीवर खिळलेली असते. अर्ज भरला जातो, पण फोटो चढत नाही. फोटो चढला तर पावती निघत नाही. "मावशी, सर्व्हर स्लो हाय, जरा बसा," एवढंच सांगणं त्याच्या हातात उरतं. मग कुणीतरी पुण्यातल्या पुतण्याला फोन लावतं. पुतण्या आपल्या ऑफिसात तीच साइट उघडतो आणि सांगतो, "काका, इथं तर लगेच उघडतेय."

दोघंही खरं बोलत असतात. नेटवर्कची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आधी हेच पटावं लागतं, आणि पुष्कळदा तिथेच गाडी अडते. पुण्यात किंवा नवी मुंबईत बसलेला अभियंता स्वतःच्या यंत्रावर साइट उघडून पाहतो, ती उघडते, आणि 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' असा शेरा मारून तक्रार बंद करतो. त्याने जे पाहिलं ते खरंच असतं. फक्त त्याने ते चुकीच्या जागी उभं राहून पाहिलेलं असतं.

मोठ्या साइटचा पत्ता बाहेरून एकच दिसतो, पण आत सर्व्हर अनेक असतात. आलेली प्रत्येक जोडणी त्यांतल्या कुणाकडे द्यायची हे दारावर बसलेला लोड बॅलन्सर ठरवतो. पूर्वी तो रॅकमध्ये बसवलेला एक महागडा डबा असे. आता बहुतेक ठिकाणी तो निव्वळ सॉफ्टवेअर आहे. वेनसाँग झांग यांनी १९९८ मध्ये लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हरचं काम सुरू केलं, विली तारो यांचा एचएप्रॉक्सी त्यानंतर तीन वर्षांनी आला. मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲझ्युअर या क्लाउडसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअर लोड बॅलन्सरची रचना २०१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याचं नाव ठेवलं 'अनंत'. गूगलने आपल्या मॅगलेव्हची माहिती २०१६ मध्ये जाहीर केली. हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण ॲझ्युअरचा मध्य भारत विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे आणि ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून चालू आहे. शिरूरच्या माणसाने मोबाइलवर दाबलेलं बटण बहुतेक वेळा अशाच एखाद्या आभासी दारवानापुढे जाऊन उभं राहतं.

आभासी, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणारा. व्हर्च्युअल मशीन, व्हीएम: एका खऱ्या संगणकाच्या आत थाटलेला दुसरा संगणक. एका होस्टवर, म्हणजे त्या खऱ्या संगणकावर, अशी अनेक बिऱ्हाडं राहतात आणि कुणाला प्रोसेसर कधी मिळेल हे हायपरवायझर ठरवतो. त्यामुळे खर्च वाचतो, नवी यंत्रं मिनिटांत उभी राहतात, एक होस्ट बिघडला तर बिऱ्हाड दुसरीकडे हलवता येतं. पण पूर्वीच्या डब्यात पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, हरवलं तर शोधायला एक डबा होता. व्हीएममध्ये हरवलं तर ते कुठल्या थरात हरवलं, हा प्रश्न शिल्लक राहतो.

पॅकेट हरवणं हा काही गुन्हा नाही. इंटरनेटची मांडणीच अशी आहे की वाटेतल्या कुठल्याही यंत्राला पॅकेट टाकून द्यायची मुभा असते; पोचलं की नाही हे पाहायची जबाबदारी दोन टोकांवर असते. टीसीपी हा नियमसंच प्रत्येक तुकड्याची पोच मागतो आणि पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवतो. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही जागांत अंतर होतं अवघं ४०० यार्डांचं. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी कारण शोधलं: वाट तुंबली होती, पॅकेट गळत होती, आणि गळालेली पॅकेट प्रत्येक यंत्र त्याच जोमाने पुन्हा पाठवून वाट आणखी तुंबवत होतं. १९८८ मध्ये जेकबसन यांनी मांडलेला उपाय आजही टीसीपीच्या पोटात आहे. पॅकेट हरवलं म्हणजे वाट भरली असं समजायचं आणि आपला वेग कमी करायचा.

या समजूतदारपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि शिरूर-दौंडचा प्रश्न इथेच सुरू होतो.

मॅथिस, सेम्के, महदवी आणि ओट यांनी १९९७ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. टीसीपीच्या एका जोडणीचा वेग पॅकेटच्या जाण्यायेण्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि गळतीच्या वर्गमुळाच्याही व्यस्त प्रमाणात असतो. समजा, दारावरच्या लोड बॅलन्सरमध्ये शंभरातलं एक पॅकेट गळतं आहे. डेटा सेंटरच्या जवळ, चांगल्या फायबरवर बसलेल्या माणसाचं पॅकेट ५ मिलिसेकंदांत जाऊन परत येतं. या सूत्राने त्याला तरीही सेकंदाला सुमारे २८ मेगाबिटांचा वेग मिळतो. त्याचं पान लगेच उघडतं, त्याला गळती जाणवतही नाही. गर्दीच्या मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या माणसाची फेरी ८० मिलिसेकंदांची असेल तर त्याच एक टक्क्याने त्याचा वेग पावणेदोन मेगाबिटांवर येतो. गळती तीच, यंत्र तेच, तरी एकाच्या तुलनेत दुसऱ्याला सोळावा हिस्सा. तीच गळती दहा हजारांत एक एवढी खाली आणली तर मोबाइलवाल्याला सुमारे १८ मेगाबिट मिळतात. नंतरच्या काळात क्युबिक, बीबीआर अशा नव्या पद्धती आल्या. बीबीआर तर मूळ रूपात गळतीकडे पाहून वेग ठरवतच नव्हती, आणि २०१६ मध्ये ती मांडणाऱ्यांत जेकबसन स्वतः होते. तरीही दूरच्या माणसाला गळतीचा फटका अधिक बसतो ही गोष्ट मोडीत निघालेली नाही, कारण हरवलेलं पॅकेट परत मागवायलाही त्याला प्रत्येक वेळी लांबची फेरी मारावी लागते.

दौंडच्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही. खडकवासल्यातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून इंदापूरकडे सुमारे २०२ किलोमीटर जातो. आवर्तन सुटलं की धरणावरचा आकडा एक असतो, फाट्यावरचा दुसरा आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, तिसरा. मधलं पाणी झिरपतं, उडून जातं, वाटेत उपसलं जातं. धरणावर उभा राहून 'पाणी सोडलंय' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, आणि टेलवाल्याचं रानही खरोखर कोरडं असतं. हा वाद आवाज चढवून मिटत नाही. टप्प्याटप्प्यावर विसर्ग मोजावा लागतो आणि कुठल्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा पडला ते पाहावं लागतं. पॅकेटची गळती शोधायची रीत यापेक्षा वेगळी नाही.

मोजायची साधनं जुनी आणि साधी आहेत. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात पिंग लिहिलं. ते समोरच्या यंत्राला हाक मारतं आणि ओ यायला किती वेळ लागला ते सांगतं. ट्रेसराउट वाटेतला एकेक टप्पा दाखवतं. पण साधनं साधी असली तरी त्यांचं उत्तर वाचायला सराव लागतो. ट्रेसराउटसारख्या चाचणीत मधल्या एखाद्या राउटरवर ४० टक्के गळती दिसते, नवखा अभियंता उडी मारतो आणि त्या कंपनीच्या नावाने तक्रार पाठवून मोकळा होतो. त्याने शेवटची ओळ वाचायला हवी होती. तिथे गळती शून्य असेल तर मधल्या राउटरने फक्त उत्तर द्यायचा कंटाळा केला आहे. पुढची पॅकेट त्याने नीट पोचवली आहेत. जी गळती एका टप्प्यावर सुरू होते आणि शेवटपर्यंत टिकते, तिच्याकडेच संशयाने पाहायचं.

आता लोड बॅलन्सरच्या आत शिरू. बाहेरून आलेलं पॅकेट आधी खऱ्या स्विचच्या पोर्टवर येतं, तिथून होस्टच्या नेटवर्क कार्डात, मग हायपरवायझरच्या आभासी स्विचमध्ये, मग व्हीएमच्या आभासी कार्डाच्या रांगेत, मग आतल्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, मग जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात, आणि मग कुठे लोड बॅलन्सरच्या प्रोग्रॅमकडे. यांतला प्रत्येक थर पॅकेट टाकून देऊ शकतो आणि जवळपास प्रत्येकाकडे टाकलेल्यांचा काउंटर असतो. नोंदींचा तक्ता भरला तर कर्नल लॉगमध्ये तसं स्वच्छ लिहितो. पॅकेट टाकतोय हेही लिहितो. ती ओळ अनेक सर्व्हरांवर कित्येक दिवस पडून असते. वाचणारा नसतो.

सगळ्यांत फसवी असते ती रांग. आभासी कार्डाच्या या रांगेत, रिंग बफरमध्ये, अनेकदा मुळात २५६ जागा दिलेल्या असतात. एक गिगाबिटच्या लाइनवरून पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला सुमारे ८१ हजार येऊ शकतात. आता हायपरवायझरने दुसऱ्या बिऱ्हाडाला प्रोसेसर दिला आणि आपला लोड बॅलन्सर फक्त १० मिलिसेकंद थांबला. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात, त्या क्षणी लाइन भरून वाहत असेल तर, ८०० वर पॅकेट दाराशी येतात. २५६ आत बसतात, उरलेली वाहून जातात. पुढच्या क्षणी व्हीएम जागा होतो, त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. पाच मिनिटांच्या सरासरीवर काढलेला आलेख तर 'लाइन दहा टक्के वापरात' असं निवांतपणे सांगत असतो. ज्या बैठकीत हा आलेख भिंतीवर दाखवला जातो, तिथे केंद्रचालकाची तक्रार कोण ऐकणार?

पण पुरावा असतो. लिनक्समध्ये 'स्टील' नावाचा आकडा असतो: या व्हीएमला प्रोसेसर हवा होता आणि मिळाला नाही तो वेळ. व्हीएमवेअरच्या जगात होस्टच्या बाजूने हेच 'सीपीयू रेडी' म्हणून दिसतं. कार्डाचे काउंटर दर सेकंदाला टिपले आणि स्टीलच्या आकड्याशेजारी ठेवले की दोघे एकाच क्षणी उडी मारताना सापडतात. मग पुढचं काम सोपं असतं: लोड बॅलन्सरला राखीव प्रोसेसर द्यायचे, गर्दीचा होस्ट सोडायचा, रांग थोडी मोठी करायची. थोडीच. रांग बेसुमार वाढवली तर पॅकेट हरवत नाहीत, पण उभी राहून शिळी होतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याच दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. गळतीचा आकडा शून्य दाखवण्यासाठी विलंब वाढवणं ही दुरुस्ती नव्हे.

'फोटो चढत नाही' ही तक्रार मात्र वेगळ्या वाटेने जाते. इथरनेटवरचं नेहमीचं पॅकेट फार तर १५०० बाइटांचं असतं. आभासी नेटवर्कात ते पॅकेट आणखी एका लिफाफ्यात घालून नेतात. व्हीएक्सलॅन या पद्धतीत लिफाफ्याचे ५० बाइट वर चढतात. खालच्या नेटवर्कात १५५० ची सोय केली नसेल तर भरलेलं पॅकेट मावत नाही. अशा वेळी वाटेतल्या यंत्राने 'लहान पाठव' असा निरोप पाठवायचा असतो, त्याची रीत १९९० पासून ठरलेली आहे. पण पुष्कळ ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर हा निरोपच अडवतात. परिणाम असा की नाव, गाव, गट नंबर यांची लहान पॅकेट सुखरूप जातात, लॉगिन होतं, आणि फोटोची मोठी पॅकेट एकही आवाज न करता नाहीशी होतात. पिंग करून पाहावं तर ते उत्तम चालतं, कारण नेहमीच्या पिंगचं पॅकेट शंभर बाइटांच्याही आतलं असतं. पिंगला मोठ्या आकाराचं पॅकेट तुकडे न करता पाठवायला लावलं, म्हणजे खरं काय ते कळतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो पाठवणं हा शेतीच्या कामाचाच भाग झाला. अशा काळात लहान पॅकेटच्या चाचणीवर 'नेटवर्क ठीक' असा निर्वाळा देणं अन्यायाचं आहे.

गावाकडच्या माणसालाच फटका बसावा आणि ऑफिसात बसलेल्याला काही दिसूच नये, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण लिनक्सच्या इतिहासात आहे. टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल नावाचा एक पर्याय होता. संपलेल्या जोडण्या लवकर निकालात निघाव्यात म्हणून गर्दीच्या सर्व्हरांवर आणि लोड बॅलन्सरांवर तो चालू करून ठेवत. तो चालू असला की कर्नल प्रत्येक पत्त्यावरून आलेला शेवटचा टाइमस्टॅम्प, म्हणजे पॅकेटवरचा वेळेचा शिक्का, लक्षात ठेवी आणि त्याहून जुना टाइमस्टॅम्प घेऊन त्याच पत्त्यावरून नवी जोडणी मागायला कुणी आलं, तर ते पॅकेट गुपचूप टाकून देई. एका पत्त्यामागे एकच संगणक असेल तर यात काही बिघडत नाही. पण मोबाइल कंपन्या पत्ते पुरत नाहीत म्हणून शेकडो-हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, आणि प्रत्येक फोनच्या टाइमस्टॅम्पची मोजणी स्वतःची, वेगळी. ज्याची मोजणी पुढे तो आत शिरे. बाकीच्यांचं दार बंद. ज्याच्या ऑफिसातल्या संगणकाला स्वतःचा पत्ता होता त्याला साइट नेहमीच उघडलेली दिसे. नकार कुठे छापूनही येत नसे. फक्त कर्नलच्या आकडेवारीत एका कोपऱ्यात 'टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेल्या जोडण्या' असा एक आकडा निमूट वाढत राही. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीतून हा पर्याय कायमचा काढून टाकला. तोवर जगभर किती माणसांनी आपल्या फोनला दोष दिला असेल!

काहींना लागणारी आणि काहींना न लागणारी गळती आणखी एका कारणाने होते. डेटा सेंटरमध्ये समांतर वाटा अनेक असतात आणि कुठली जोडणी कुठल्या वाटेने न्यायची हे दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट यांच्यावर गणित करून ठरतं. एक वाट आजारी असेल तर तिच्या वाट्याला आलेल्या जोडण्याच भरडल्या जातात. म्हणूनच केंद्रचालकाला पुन्हा प्रयत्न केल्यावर कधी एका फटक्यात यश येतं: नवा पोर्ट मिळाला, वाट बदलली. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी सर्व्हरांमधला विलंब मोजायला पिंगमेश नावाची यंत्रणा उभी केली, तिच्यावर अशी मूक गळतीही पकडली आणि २०१५ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यांनी आपल्या सर्व्हरांनाच एकमेकांना अखंड हाका मारायला लावलं. गळती ओळखायची त्यांची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्याकडे जोडणीचं पहिलं पॅकेट हरवलं तर ३ सेकंदांनी पुन्हा जाई, तेही हरवलं तर आणखी ६ सेकंदांनी. त्यामुळे जोडायला सुमारे ३ सेकंद लागले म्हणजे एक पॅकेट गेलं, ९ लागले म्हणजे दोन. नुसत्या घड्याळावरून गळती मोजता आली.

२०११ मध्ये हा पहिला थांबा १ सेकंदावर आणायची शिफारस झाली. त्यानंतर अनेक वर्षं लिनक्सवर म्हणूनच १, ३ आणि ७ सेकंदांपाशी गठ्ठे पडलेले दिसत. सेतू केंद्रातला मुलगा जेव्हा म्हणतो, "कधी पटकन येतंय, कधी एक-दोन-तीन म्हणेस्तोवर थांबतंय," तेव्हा तो अभियंत्याच्या हाती नेमका धागा देत असतो. नुसतं यंत्र मंद असतं तर वेळ सावकाश, विखरून वाढला असता. एकदम तीन सेकंदांवर उडी पडते ती बहुतेकदा पॅकेट हरवल्याने.

हरवलेलं पुन्हा मागता येतं, ही टीसीपीची मोठी सोय. ती सगळ्यांना नसते. शिरूर लोकसभा मतदारसंघातच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या आहेत आणि त्यांचे संकेत फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतात. तिथे त्यांचे आकडे होतात आणि ते वेगवान इथरनेटवरून पुढच्या संगणकांकडे धावतात. आकाशाला 'पुन्हा पाठव' म्हणता येत नाही. अशा यंत्रणा बांधणारे लोक पॅकेटवर अनुक्रमांक घालतात आणि कुठला अंक गाळला गेला ते आधी पाहतात, कारण गेलेल्या क्षणाची नोंद नसली तरी तो गेला याची नोंद असायलाच हवी. दाखल्याची, पीक पाहणीची, रेशनच्या अंगठ्याची यंत्रणा बांधणाऱ्यांनी हा कडकपणा उचलायला हवा. पुन्हा पाठवता येतं म्हणून हरवलेल्याचा हिशेब ठेवायचा नाही, ही सवय महागात पडते. तिचा खर्च बाकावर बसलेली मावशी भरते: एका दिवसाची मजुरी, येण्याजाण्याचं एसटीचं भाडं.

या कामात तांत्रिक अडचणीइतकीच माणसांची अडचण असते. नेटवर्कचा गट सांगतो स्विच स्वच्छ आहे, व्हर्च्युअलायझेशनचा गट सांगतो होस्ट निरोगी आहे, ॲप्लिकेशनचा गट सांगतो आमच्यापर्यंत विनंती आलीच नाही. तिघंही आपापल्या फाट्यावरचा आकडा दाखवतात. दोन फाट्यांच्या मधलं कुणाचंच नसतं, आणि व्हर्च्युअल जगात असं मधलं फार असतं. आभासी स्विच नेटवर्कवाल्यांचा की सर्व्हरवाल्यांचा, हे कित्येक कार्यालयांत आजही ठरलेलं नाही. जोडीने ठेवलेल्या दोन लोड बॅलन्सरांपैकी एक पडला की दुसरा त्याचा पत्ता उचलतो. पण तो उचललेला पत्ता आभासी स्विचच्या सुरक्षा नियमांना परका वाटला तर स्विच त्याची पॅकेट नाकारतो. लोड बॅलन्सरवाला म्हणतो मी जागेवर आहे, स्विचवाला म्हणतो मी नियम पाळला. मधल्या मधे साइट बंद.

अशा वेळी सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे रीस्टार्ट. तो बरेचदा लागूही पडतो आणि म्हणूनच घातक ठरतो. यंत्र बंद करून चालू केलं की काउंटर शून्यावर येतात; गळती कुठे होती याचा सगळा पुरावा पुसला जातो. दोन दिवसांनी तेच दुखणं परत येतं आणि तपास पहिल्या पायरीवरून सुरू होतो. दाबायचंच असेल ते बटण, तर त्याआधी दोन मिनिटं थांबून सगळे काउंटर, नोंदींचा तक्ता, लॉग एका फाइलीत उतरवून ठेवावेत. शक्य असेल तर होस्टच्या कार्डावर आणि व्हीएमच्या कार्डावर एकाच वेळी टीसीपीडम्प हे पॅकेट टिपणारं साधन लावावं. एका बाजूला पॅकेट आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, एवढं दिसलं की गटागटांतला वाद संपतो. खालच्या थरापर्यंत हात पोचत नसेल, क्लाउड भाड्याचा असेल, तर निदान आपल्या थरातले आकडे वेळेसकट कंपनीपुढे ठेवावेत. आकडे असलेली तक्रार वर सरकते.

शिरूर-दौंडमधल्या केंद्रचालकांना एक विनंती. 'साइट चालत नाही' एवढंच न लिहिता तक्रारीत नेमकी वेळ लिहा, वायफाय होतं की मोबाइल, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर काय झालं, कुठल्या पायरीवर अडलं, किती सेकंद अडलं. या पाच ओळींनी समोरच्याचे कित्येक तास वाचतात, आणि तुमची तक्रार बंद करणं त्याला अवघड जातं.

आणि सेवा चालवणाऱ्यांना दुसरी. तपासणी नाका फक्त डेटा सेंटरच्या दारात ठेवू नका. शिरूरला, न्हावऱ्याला, दौंडला, यवतला, मोबाइलच्या सिमवर चालणारं एखादं लहान यंत्र ठेवा. त्याने दर मिनिटाला साइट उघडावी, मोठं पॅकेट पाठवावं, लागलेला वेळ टिपावा. त्याचा आकडा पुण्यातल्या आकड्याशेजारी रोज दिसू द्या. हे करायला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागते असंही नाही. युरोपातली राइप एनसीसी ही संस्था २०१० पासून राइप ॲटलस नावाने स्वयंसेवकांचं जाळं चालवते. जगभरात लोकांनी आपल्या घरी, कॉलेजांत, कार्यालयांत तिची तळहाताएवढी मोजणी यंत्रं लावली आहेत आणि ती रात्रंदिवस पिंग आणि ट्रेसराउट करत असतात. शिरूरच्या सी. टी. बोरा महाविद्यालयासारख्या संस्थेतल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी किंवा दौंडच्या एखाद्या शाळेने मनावर घेतलं, तर टेलचा आकडा टेललाच मोजला जाईल. यंत्रासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर झाला तर ते मोफत मिळतं. लावायला एक नेटवर्क केबल आणि यूएसबीची वीज पुरते.